जन्माच्या सहा भेटी, मरणाची एकही नाही

प्रति,
माननीय जिल्हा आरोग्य अधिकारी
आणि माननीय जिल्हा शल्य चिकित्सक

साहेब, नमस्कार.

पत्र दोघांना मिळून लिहिते आहे, कारण माझे बाबा तुम्हा दोघांच्या मधल्या रस्त्यावर गेले. आशा, उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र हे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. ग्रामीण रुग्णालय आणि तिथलं औषधाचं कपाट शल्य चिकित्सकांकडे. मी या बाजूची, बाबांची गोळी त्या बाजूची. वेगवेगळं लिहिलं असतं तर दोघांनीही एकमेकांकडे पाठवलं असतं, एवढं अकरा वर्षांच्या नोकरीत कळलं आहे. (नोकरी म्हटलं की तुम्ही ‘मानधन’ म्हणून दुरुस्त करता, तेही माहीत आहे.) जिल्ह्याचं नाव लिहीत नाही. तुम्ही आज ना उद्या बदलून जाल, पत्र खुर्चीला आहे.

मी आशा आहे, गावातली आरोग्य स्वयंसेविका. नावावरून विनोद करू नका, ते सगळे आमचे करून झाले आहेत. वर्धा नदीपासून दोन कोसावर गाव. काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन. माझं माहेर आणि सासर एकाच गावात, मधे दोन बोळी आणि एक पानठेला. त्या पानठेल्यावर बाबा चाळीस वर्षं खर्रा घ्यायचे. तुम्ही विदर्भाबाहेरचे असाल तर सांगते. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटायचा, पन्नीला गाठ मारायची आणि खिशात ठेवायची. गुटख्यावर राज्यात 2012 मध्ये बंदी आली तेव्हा आमच्याकडचे लोक हसले होते. आमचा खर्रा डोळ्यांसमोर घोटून मिळतो, त्याला कारखाना कशाला लागतो?

आधी माझी चूक लिहिते. तीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाचा आम्ही एक फॉर्म भरतो. तोंड उघडायला त्रास होतो का, तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही असं आहे का, असे प्रश्न त्यात असतात. 2023 च्या जानेवारीत मी गावाचे फॉर्म भरले. घरोघरी गेले, उखळात डोकं घालावं तशी म्हाताऱ्यांच्या तोंडात टॉर्च घालून पाहिलं. आणि माहेरच्या घराचे फॉर्म मी माझ्या ओसरीत बसून भरले. आपलाच बाप, त्याला काय विचारायचं? दोन्ही प्रश्नांपुढे ‘नाही’.

त्या दिवसांत बाबा भाकर वरणात बुडवून, नखाएवढे तुकडे करून खात होते. आई म्हणायची दाढा गेल्या त्यांच्या. मीही तेच म्हणायची. उभी तीन बोटं तोंडात जातात का हे पाहायचं असतं, हे मी महिलांच्या बैठकीत दाखवायची, स्वतःच्या तोंडात बोटं घालून दाखवायची. सुपारी एकटीच, तंबाखू नसला तरी, कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 मध्येच छापलं आहे, हेही सांगायची. बाबांच्या तोंडात तीन बोटं घातली ती ऑगस्टमध्ये. दीडच गेलं. आत गालाला पांढरट पट्टा आणि त्यात फुलकोबीसारखं काहीतरी.

पण साहेब, माझ्या ‘नाही’बरोबर गावातले चार ‘हो’ही वर गेले होते. त्या चार माणसांना आजपर्यंत कोणी बोलावलं नाही. फॉर्म वर जातो हे मला माहीत आहे. खाली काय येतं, ते एकदा सांगा.

ऑपरेशन नागपूरला झालं. अर्धा जबडा काढला, मग रेडिएशनचे तीस शेक. आमच्याकडे त्याला लाईट देणं म्हणतात. महात्मा फुले योजनेत सगळं बसलं, आम्ही दवाखान्याला एक रुपया दिला नाही, आणि हे मी मुद्दाम लिहिते, कारण तक्रारीच्या पत्रात चांगलं लिहायची रीत राहिली नाही. पैसे गेले ते राहण्याखाण्यात. सहा आठवडे भाड्याची खोली, जाणं-येणं, भावाच्या सोयाबीनची सवंगणी मजुरांवर सोडली ती. आणि मिक्सरमध्ये. पहिल्यांदा घरात मिक्सर आला तो बाबांचं जेवण बारीक करायला. तुरीच्या वरणाचं पाणी, आंबील, मऊ भात, सगळं फिरवून गाळायचं, मग नाकातल्या नळीतून सिरिंजनं सोडायचं. जिभेला चव लागत नसे तरी बाबा हातानं खूण करून विचारायचे, आज काय आहे. आई सांगायची, वांग्याची भाजी. कधी खरं, कधी खोटं.

2024 च्या जूनमध्ये मानेत गाठ आली. नागपूरच्या डॉक्टरांनी फाईल पाहिली, भावाला बाजूला घेतलं आणि म्हणाले, आता घरी न्या.

घरी न्या म्हणजे कुणाकडे न्या, हे कोणी सांगितलं नाही. ऑपरेशनसाठी सात कागद लागले होते. घरी नेण्यासाठी एकही नाही. त्या दिवसापासून बाबा कोणत्याच यादीत नव्हते. योजनेत नाही, प्राथमिक केंद्रात नाही, माझ्या डायरीतही नाही.

एक बरं झालं. तिथल्या एका सिस्टरनं जाताजाता दहा मिनिटं दिली. व्हरांड्यात उभ्याउभ्या तिनं मला जे शिकवलं तेवढंच माझं शिक्षण. दुखणं दाबणारी मॉर्फीनची गोळी दुखल्यावर द्यायची नाही, घड्याळावर द्यायची. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मधरात्री उठवावं लागत नाही. सोबत पोट साफ व्हायचं औषध, ते विसरलं तर गोळीला दोष लागतो. आणि रोज विचारायचं, शून्य ते दहामध्ये किती दुखतं.

बाबांना शून्य ते दहा कळेना. बोलणं जवळजवळ बंद झालं होतं, शब्द दातांच्या मागेच राहायचे. नातीची पाटी घेऊन त्यावर लिहायचे. एक दिवस त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘बारा आणे’. मला वाटलं कुणाचं देणं सांगताहेत. मग कळलं. तलाठी पिकाची आणेवारी काढतो तशी ते दुखण्याची काढत होते. सोळा आणे म्हणजे भरलेलं. तेव्हापासून माझ्या वहीत तारीख, वेळ, गोळी आणि आणे असे चार रकाने झाले. सहाला चौदा आणे, दहाला सहा आणे, दोनला पाच. पाच आणे झाले की बाबा बाजेवर उठून बसायचे आणि कापसाला किती बोंडं धरली ते भावाला विचारायचे. पाच आण्यांत माणूस शेतकरी होतो, चौदा आण्यांत नुसती जखम. हे मी कोणत्याही पुस्तकात वाचलेलं नाही, वहीत आहे.

जखमेचं लिहिते. नको वाटलं तर हा परिच्छेद सोडा, पण तुम्ही डॉक्टर आहात. सप्टेंबरमध्ये गालाला बाहेरून भोक पडलं. आतून दिलेलं पाणी गालातून यायचं. वास असा की शेजारची बाई दारात उभी राहून बोलायची, आत यायची नाही, आणि तिला मी दोष देत नाही. सिस्टरनं सांगितलं होतं, आव पडल्यावर देतात ती मेट्रोनिडाझोलची गोळी खलबत्त्यात बारीक कुटून जखमेवर भुरभुरायची. तिसऱ्या दिवशी वास निम्म्यावर आला. चौथ्या दिवशी शेजारीण आत आली आणि बाजेवर बसली. त्या गोळीची किंमत किती क्षुल्लक आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. आईचं जुनं सुती लुगडं उकळून त्याच्या पट्ट्या केल्या होत्या, त्या कमी पडल्या. मग घरात कापसाचा ढीग पडलेला असताना मी तालुक्याच्या मेडिकलमधून कापसाचे रोल विकत आणले. भाऊ म्हणाला, ‘आपलाच असंन, ताई.’ असेलही.

आता गोळीचं.

नागपूरहून एका वेळी पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळायच्या. जायला चार तास, रांग, यायला चार तास. दर पंधरवड्याला भावाचा एक दिवस जाई, कधी मुक्काम पडे. दिवाळीत पंधरवडा आणि सुट्टी एकत्र आली. भाऊ गेला तर बाह्यरुग्ण बंद. शेवटची गोळी धनत्रयोदशीच्या रात्री दिली.

मी बाबांना घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेले. ड्युटीवरचे डॉक्टर तरुण होते, चांगलं बोलले. मॉर्फीन आमच्याकडे नसतं म्हणाले. लिहून तरी द्या म्हटलं, तर म्हणाले, ते नशेचं औषध आहे, सवय लागली तर?

साहेब, चाळीस वर्षं माझ्या बापानं दिवसाला पाच-सहा खर्रे खाल्ले. त्या चाळीस वर्षांत सरकारच्या एकाही माणसानं त्याला सवयीबद्दल विचारलं नाही. सव्वा महिन्याचं आयुष्य राहिलं तेव्हा विचारलं.

मी त्या डॉक्टरांवर रागावलेली नाही. त्यांनाही कोणी व्हरांड्यात उभं करून दहा मिनिटं दिली नसणार. त्यांनी डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिलं, ते दोन तास टिकलं. पुढचे दोन दिवस आणि तीन रात्री माझ्या वहीत प्रत्येक ओळीत सोळा आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गावात फटाके चालू होते आणि बाबा भिंतीला कपाळ घासत होते. डोळ्यांनी ते आईला काहीतरी सांगत होते. आई म्हणाली, ‘मले समजते, पण म्या काय करू वो.’ नंतर त्यांनी पाटी मागितली. लिहिलं काहीच नाही. पाटी छातीवर ठेवून पडून राहिले.

मॉर्फीन अफूपासून बनतं, आणि आपल्या देशात अफूची शेती सरकारी परवान्यानं होते, मध्य प्रदेशात, राजस्थानात, उत्तर प्रदेशात. नीमच आणि गाझीपूरला तिचे सरकारी कारखाने आहेत, औषधासाठीच. 1985 चा अमली पदार्थांचा कायदा कडक होता, म्हणून दवाखाने मॉर्फीन ठेवायला घाबरायचे, हे मी समजू शकते. पण संसदेनं तो कायदा 2014 मध्ये बदलला. मॉर्फीनसह सहा औषधं अत्यावश्यक ठरवली आणि वेगवेगळ्या खात्यांचे परवाने लागायचे ते काढून राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरेशी केली. हे सगळं मी बाबा गेल्यावर शोधलं. आधी शोधलं असतं तर त्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं असतं. पण ते शोधणं आशाचं काम आहे का? दहा वर्षं होऊन गेली, आमच्या ग्रामीण रुग्णालयाचा अर्ज गेला आहे का, एवढं मला कळवा. गेला नसेल तर कोणाच्या सहीसाठी थांबला आहे तेही कळवा.

दुसरी गोष्ट जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांसाठी. आमच्या उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. भिंत पिवळी रंगवली, त्यावर बारा सेवांची यादी लिहिली. त्यात एक ओळ आहे, ‘वृद्धांची काळजी व उपशामक सेवा’. मी सीएचओ मॅडमना, म्हणजे उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना विचारलं, उपशामक म्हणजे काय. त्यांनी मोबाइलवर पाहून सांगितलं, बरं न होणाऱ्या माणसाचं दुखणं कमी करायची सेवा. मग आम्ही दोघी थोडा वेळ गप्प बसलो, कारण बाबांचं घर त्या भिंतीपासून तीनशे पावलांवर होतं. त्या स्वतःहून दोनदा येऊन गेल्या, जखम पाहिली, मला धीर दिला. त्यांच्या टॅबमध्ये त्या भेटीला जागा नव्हती.

बाळ जन्मलं की मी त्याच्या घरी सहा वेळा जाते. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. झोळीत घालून वजन करायचं, तापमान पाहायचं, श्वास मोजायचा, आईला विचारायचं. प्रत्येक भेटीचा रकाना आहे, सही आहे, पैसे आहेत. हे कुठून आलं ते तुम्हाला सांगायला नको. आमच्याच विदर्भातून आलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गावातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली, इंजेक्शनसुद्धा द्यायला शिकवलं. नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले, 1999 मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय मासिकात छापून आलं. तेव्हाही मोठमोठे लोक म्हणाले असतील, खेड्यातल्या बाईच्या हातात इंजेक्शन कसं द्यायचं. दिलं, आणि आज देशभरात आशा बाळांच्या घरी जातात.

मग मरणाऱ्या माणसाच्या घरी जायला एकही दिवस का ठरवलेला नाही? केरळनं 2008 मध्ये उपशामक सेवेचं धोरण केलं, तिथं पंचायतीची नर्स घरी येते, गावातले स्वयंसेवक येतात. माझ्या हातात मॉर्फीन द्या असं मी म्हणत नाही. मला जखम बांधायला शिकवा, गोळी घड्याळावर का द्यायची ते शिकवा, दुखणं मोजायला शिकवा, आण्यांत का होईना. ‘घरी न्या’ म्हटलं त्या दिवशी मोठ्या दवाखान्यातून आमच्या उपकेंद्राला एक फोन येऊ द्या. माझ्या डायरीत रकाना करा. पैसे नंतर ठरवा, आम्हाला उशिराची सवय आहे.

आणि एक भेट मेल्यानंतरचीही ठेवा.

बाबा 6 डिसेंबरला पहाटे गेले. वहीत शेवटची नोंद रात्री दहाची आहे, चार आणे. याचं समाधान मला आहे आणि ते कोणी काढून घेऊ शकत नाही. सकाळी मयतीला माणसं जमली. टिनाच्या शेडखाली बसून त्यातल्या निम्म्यांनी खिशातून पन्नी काढली आणि तळहातावर घोटायला लागले. माझा सख्खा भाऊही. ज्यानं पंधरा दिवसाआड नागपूरच्या चकरा मारल्या, ज्यानं बापाच्या गालातलं भोक पाहिलं, तो. मी ओरडले नाही. ओरडायची माझी ताकद तेव्हा नव्हती, आणि आता वाटतं ओरडून उपयोगही नव्हता. त्यालाही काहीतरी घोटायला हवं होतं. तेरवीनंतर त्यानं एकदा सोडलाही, नऊ दिवस. दहाव्या दिवशी म्हणाला, ‘डोकं फुटते वं, ताई.’ खर्रा सोडवायला माणसाला आधार लागतो आणि त्यासाठी बापाच्या मरणाइतका चांगला मुहूर्त नाही. तेव्हा आमच्या घरी कोणी आलं असतं तर.

लेकीला सुतक तीन दिवसांचं. चौथ्या दिवशी एका बाळाची सातव्या दिवसाची भेट होती. बाळंतिणीच्या सासूला निरोप पाठवला, जमेल का यायला. ती म्हणाली, ये, देव काही फॉर्म भरत नाही. मी गेले. बाळ झोळीत घातलं, काटा हलला, दोन किलो सहाशेवर थांबला. लिहिलं. बाळंतीण म्हणाली, ‘ताई, बसा जराशा, च्या घ्या.’ तेव्हा लक्षात आलं की चार दिवसांत मला कोणी बस म्हटलं नव्हतं. सगळ्यांनी विचारलं होतं, कसे गेले, किती वाजता गेले, लाकडं कुठून आणली. मी तिथं रडले. बाळाची आजी दार लोटून घेऊन गप्प उभी राहिली. तेवढी एक भेट मला मिळाली, तीही मी स्वतः चालत गेले म्हणून.

घरी येऊन मृत्यूची नोंद केली. गावातल्या मृत्यूंची नोंद मलाच ठेवावी लागते. नाव, वय 64, कारण कॅन्सर. नातं लिहायला रकाना नाही, ते बरंच आहे.

आई आता मिक्सर वापरत नाही. पाट्यावर वाटते. म्हणते, त्याचा आवाज आला की हे उठून बसतात असं वाटते. मी तिला काही सांगायला जात नाही, संध्याकाळी जाऊन शेजारी बसते आणि तुरीच्या शेंगा सोलते. मला स्वतःला सकाळी दहाला हात रिकामे वाटतात. इतर वेळी नाही, दहालाच.

शेवटी एक प्रश्न आहे आणि तो खरा प्रश्न आहे, उत्तर हवं आहे. माझ्याकडे मॉर्फीनच्या अकरा गोळ्या उरल्या आहेत. स्टीलच्या डब्यात, कपाटाच्या वरच्या फळीवर, कुलपात. नदीपलीकडच्या गावात एक काका आहेत, घशाचा कॅन्सर, त्यांचा मुलगा दोनदा येऊन गेला. मी दिल्या नाहीत. एकाच्या नावाची गोळी दुसऱ्याला देता येत नाही हे मला माहीत आहे, आणि त्याला हात हलवत परत पाठवताना बाबांची दिवाळी डोळ्यांपुढे होती हेही खरं. ग्रामीण रुग्णालयात परत करायला गेले तर तिथल्या औषध निर्मात्यानं सांगितलं, जे आमच्या साठ्यातच नाही ते आम्ही जमा कसं करून घेणार.

या गोळ्या कुठे द्यायच्या ते कळवा, आणि त्या काकांना त्यांच्या नावाच्या गोळ्या कुठे मिळतील तेही. पाकिटावरची तारीख मार्चअखेरची आहे.

आपली,
एक आशा स्वयंसेविका